शांता आपटे : गाणाऱ्या बाईचा करार

मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचे मोठेपण हमखास सांगितले जाते. तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे बोधचिन्ह आठवले जाते, दिग्दर्शकांची नावे आदराने घेतली जातात. याच कंपनीच्या फाटकाशी १९३९ साली तिची प्रमुख गायिका-नटी उपोषणाला बसली होती. ही घटना मात्र एका तापट बाईचा किस्सा म्हणून उरकून टाकतात. वास्तविक हा किस्सा नव्हे. कलावंताच्या श्रमाचा मालक कोण, हा प्रश्न त्या फाटकाशी मांडला गेला होता. म्हणून शांता आपटे यांची कारकीर्द आपण आपल्या नजरेने तपासली पाहिजे.

शांताबाईंचा जन्म १९१६ साली सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा, ब्राह्मण कुटुंबातला. गाण्याचे शिक्षण त्यांना लहानपणीच मिळाले. १९३२ साली पुण्याच्या सरस्वती सिनेटोनने भालजी पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली ‘श्यामसुंदर’ हा बोलपट काढला, त्यात त्या राधा झाल्या. पुढच्या वर्षी प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये शांताबाई प्रभातच्या पडद्यावर आल्या आणि केशवराव भोळे यांच्या चालींनी त्यांचा आवाज घरोघरी पोचला. ‘अमरज्योती’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘गोपालकृष्ण’ (१९३८) हे त्यांचे प्रभातमधले गाजलेले चित्रपट.

त्या काळी गाणारी नटी इतकी मोलाची का होती, हे समजून घ्यावे लागेल. बोलपटाच्या सुरुवातीच्या वर्षांत पार्श्वगायन नव्हते. कॅमेऱ्यासमोर जी उभी राही तिलाच त्याच वेळी गावेही लागे. पार्श्वगायनाची पद्धत १९३५ नंतर हळूहळू रुळली. म्हणजे आवाज, चेहरा आणि अभिनय ही तीन माणसांची कामे एकाच बाईच्या देहाकडून होत. शांताबाईंनी यात भर घातली. मायक्रोफोनपुढे ताठ उभे राहून गाणे म्हणण्याच्या त्या दिवसांत त्यांनी हाताच्या आणि डोळ्यांच्या हालचालींनी गाण्यालाच अभिनय बनवले.

‘कुंकू’ हा या कारकिर्दीचा कळस. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी तो काढला. हिंदीत तो ‘दुनिया न माने’ म्हणून आला. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मानायला नकार देते. रडत बसत नाही, विहीर जवळ करीत नाही. त्याच घरात राहून बायकोपण नाकारते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने झोडपते. हा नकार मराठी पडद्याला नवा होता. पण पुण्याला हा प्रश्न नवा नव्हता. जरठ-बाला विवाहातून निपजलेल्या विधवांच्या दुःखाची जबाबदारी १८६३ साली याच शहरात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढून आपल्या अंगावर घेतली होती. पांढरपेशा समाजाने तो प्रश्न पडद्यावर पाहून टाळ्या वाजवायला आणखी चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

आणि पडद्यावरचा नकार पडद्याबाहेर आला तेव्हा टाळ्या थांबल्या. प्रभातशी झालेल्या करारावरून वाद विकोपाला गेला, तेव्हा शांताबाईंनी सरळ फाटकाशी उपोषण मांडले. नीरेच्या बंडाला पुरोगामी म्हणणाऱ्यांना नीरा साकारणारीचे बंड बेशिस्त वाटावे, हा विरोधाभास बोलका आहे. त्याच्या एकच वर्ष आधी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने इतर कामगार संघटनांबरोबर मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप केला होता. नोकरीचा करार मोडणे हा गुन्हा ठरू शकत नाही आणि संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे, ही बाबासाहेबांची भूमिका होती. शांताबाई त्या चळवळीत होत्या असे नाही. पण गिरणीच्या दारात आणि स्टुडिओच्या दारात उभा असलेला प्रश्न एकच होता. १९४० साली त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले. सिनेमाकडे चंदेरी दुनिया म्हणून न पाहता धंदा म्हणून पाहणारे आणि नटीला त्या धंद्यातली कामगार मानणारे हे लेखन आहे. आपल्याकडे त्याची हवी तशी दखल घेतली गेली नाही.

पुढे १९४१ साली तमिळ ‘सावित्री’त त्या तमिळ शिकून स्वतःच्या आवाजात गायल्या, नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. लाहोर-मुंबईचे हिंदी चित्रपट झाले. पण प्रभातमधले तेज पुन्हा आले नाही. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता आपला प्रश्न. १९१३ साली फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळाली नाही, पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. वीस वर्षांनी ‘कुलीन घरातल्या मुली’ पडद्यावर आल्या, याचा केवढा गौरव झाला! पण चारचौघांसमोर गाणारी, नाचणारी, हजरजबाबीपणे सवाल-जबाब करणारी बाई महाराष्ट्रात आधीपासून होतीच. ती तमाशाच्या फडावर होती. महार समाजातली पवळा होती, मांग समाजातली विठाबाई नारायणगावकर पुढे आली. यांच्या कलेला अब्रू नाकारली गेली, कारण यांच्या जातीला अब्रू नाकारलेली होती. विठाबाईंनी फडावर उभे असतानाच बाळंतपण उरकून पुन्हा बोर्डावर पाय ठेवल्याचे सांगतात. त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला आणि २००२ साली मृत्यू आला तो हालअपेष्टांतच. उपोषण करायला त्यांच्यापुढे कुठल्या कंपनीचे फाटक नव्हते. मोडायला कागदावरचा करारही नव्हता.

शांताबाईंच्या लढ्याचे मोल यामुळे कमी होत नाही. जात त्यांच्या बाजूला असूनही बाई म्हणून आणि कामगार म्हणून त्यांना उपाशी बसावे लागले. मग जिच्या बाजूला जातही नव्हती तिचे काय झाले असेल, याचा हिशेब त्यावरून करता येतो. प्रभातच्या त्या जागेवर १९६० पासून चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था आहे. तिथे शिकणाऱ्यांना कॅमेऱ्याचे तंत्र जरूर शिकवावे. पण या फाटकाशी एक नटी आपल्या श्रमाचा जाब विचारीत बसली होती, हेही त्यांना सांगावे. आणि आमच्या फडावरच्या बायांचा करार अजून लिहायचा राहिला आहे, हेही.