अवयव आणि आघात

शिक्षकी पेशांत असतांना माझ्या हातून झालेला एक अन्याय आज कबूल करावयाचा आहे. धडा वाचतांना एका मुलानें 'फोटोग्राफर' हा शब्द 'फटॉग्रफर' असा उच्चारला. रेडिओवर असाच ऐकला, असें तो पुटपुटला. मी सर्वांदेखत हंसलों आणि 'शुद्ध' उच्चार पांच वेळां त्याच्याकडून म्हणवून घेतला. परवां नातीचा शब्दकोश उघडून पाहतों तों त्या मुलाचाच उच्चार बरोबर!

आपण संस्कृत शिकलेलीं माणसें लांब शब्द दिसला कीं त्याचा विग्रह करतों. ती संवय इंग्रजींतहि उपयोगी पडते. 'इंटरनॅशनल' या शब्दांत 'इंटर' हा उपसर्ग, 'नेशन' हा मूळ शब्द व 'अल' हा प्रत्यय. 'फोटोग्राफ'चे दोन्ही अवयव ग्रीक. एकाचा अर्थ प्रकाश, दुसऱ्याचा लेखन. अशा विग्रहानें अर्थ व स्पेलिंग दोन्ही पक्कीं होतात.

उच्चाराची फोड मात्र निराळी. मराठींत प्रत्येक अक्षर आपल्या ऱ्हस्वदीर्घाप्रमाणें स्पष्ट उमटतें. इंग्रजींत एका अक्षरावर मुख्य आघात पडतो व इतर अक्षरें बहुधा दुबळीं होऊन 'अ'काराकडे झुकतात. शिवाय प्रत्ययाबरोबर आघातहि सरकतो. 'फोटोग्राफ'मध्यें तो 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्यें 'टॉ'वर, तर 'फोटोग्राफिक'मध्यें 'ग्रॅ'वर. 'इक', 'शन', 'इटी' हे शेवट असले कीं त्यांच्या लगत आधींच्या अक्षरावर तो बहुधा येतो. 'इलेक्ट्रिक'मध्यें 'लेक्'वर असलेला आघात 'इलेक्ट्रिसिटी'मध्यें 'ट्रि'वर जातो. 'अरिथ्मेटिक'सारखे अपवाद आहेतच.

येथें 'इन्द्रशत्रु'ची कथा आठवावी. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्यानें आहुति दिली. तत्पुरुषाचा उदात्त अंत्य अक्षरावर हवा होता, तो आद्य अक्षरावर गेला. समास बहुव्रीहि झाला आणि इंद्रच वृत्राचा वधकर्ता ठरला. वैदिक उदात्त म्हणजे उंच सूर, इंग्रजी आघात म्हणजे मुख्यतः जोर, हा भेद खरा. पण जागा चुकली कीं अर्थ बदलतो, हें दोहींकडे घडतें. 'रेकॉर्ड'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर तें नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद.

म्हणून घरांतील मुलांना लांब शब्द शिकवितांना अवयव कागदावर पाडून दाखवावे, आणि आघाताची जागा कोशांत पाहावी. बहुतेक कोशांत त्या अक्षरापूर्वीं वरच्या बाजूस लहानशी उभी रेघ असते. पोथींतील स्वरचिन्हें डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या मला ती रेघ इतकीं वर्षें दिसली नाहीं. तो विद्यार्थी हा लेख वाचील कीं नाहीं, कोण जाणे; वाचलाच, तर त्यानें आपल्या जुन्या मास्तरांस क्षमा करावी.