संगणकावरचा शेजारधर्म

वसंत व्याख्यानमाला म्हटली म्हणजे इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण असे विषय श्रोत्यांच्या ओळखीचे असतात. आमचा आजचा विषय तसा नाही. पर्ल नावाच्या संगणकभाषेत काम करणारी माणसे अडली म्हणजे एकमेकांना मदत कशी करतात, हे आम्हांला सांगावयाचे आहे. ‘यात आमचे काय?’ असे कोणी म्हणेल. परंतु काळेवाडीकराने तरी तसे म्हणू नये. पवनेपलीकडे पिंपरी आहे. तेथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागोमाग मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आले, १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. दुसऱ्या अंगाला फाट्यावरून वाकड-हिंजवडीकडे जाणारा रस्ता आहे. बाप लेथवर उभा राहिलेला आणि लेक संगणकापुढे बसलेली, अशी घरे आमच्या आळीत आज कितीतरी आहेत. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

एका प्रसंगापासून आरंभ करू. आमच्या शेजारी एका गृहस्थांचे दोन लेथांचे लहानसे वर्कशॉप आहे. त्यांच्या मुलाने गिऱ्हाइकांची मागणी घेणारे आणि पार्सलावर चिकटवावयाचे पत्ते छापणारे एक काम संगणकावर बसविले. मूळ काम कोणीतरी पूर्वी पर्लमध्ये लिहून ठेवलेले होते. याने ते दुरुस्त केले. घरच्या यंत्रावर ते नीट चाले. भाड्याच्या सर्व्हरवर चढविताच मात्र पडद्यावर ‘पाचशे’ एवढा आकडा आणि ‘आत काहीतरी बिघडले आहे’ अशा अर्थाची एक ओळ दिसू लागली. पोराने आठ दिवस डोके फोडले. आमचे दार त्याच्या दारासमोर. पण तो आला नाही. नवव्या दिवशी त्याचे वडीलच त्याला घेऊन आले. ‘‘काका, एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हांला काय विचारावयाचे, म्हणून थांबलो,’’ तो म्हणाला.

आता वेब सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. वेब सर्व्हर हा कचेरीच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनासारखा असतो. बाहेरचा मनुष्य कागद मागतो. कारकून तो फडताळातून काढून देतो. कागद तयार नसेल, तर तो आतल्या माणसाकडून लिहवून आणतो. हा आतला माणूस म्हणजे आपली स्क्रिप्ट. आतल्याने कागद दिलाच नाही, किंवा विचित्र दिला, तर कारकून खिडकीतून ‘पाचशे’ एवढेच सांगतो. आतली भानगड परक्यास सांगू नये, हा त्याचा नियम होय. परंतु खरे कारण तो आपल्या वहीत टिपून ठेवतो. त्या वहीस एरर लॉग म्हणतात. अडलेल्या नवशिक्यास जाणता मनुष्य पहिला प्रश्न हाच विचारतो: ‘‘लॉग पाहिलास का?’’

लॉगमध्ये कारण सापडले. पर्लच्या स्क्रिप्टची पहिली ओळ ‘ही स्क्रिप्ट अमक्या ठिकाणच्या पर्लकडून चालवावी’ असे सांगते. मुलाने ती विंडोजच्या यंत्रावर लिहिली होती आणि सर्व्हर होता लिनक्सचा. जुन्या टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की दोन कामे करावी लागत: गाडी मागे सारणे आणि कागद एक ओळ वर सरकविणे. या दोन कामांची दोन चिन्हे संगणकात उतरली. विंडोज ओळीच्या शेवटी दोन्ही चिन्हे ठेवते, लिनक्स दुसरे तेवढे ठेवते. म्हणून लिनक्सला पहिल्या ओळीतील नावाच्या शेवटी एक जादा अक्षर दिसले. ते डोळ्यांना दिसत नाही. पण यंत्र त्यासकट नाव शोधू लागले आणि त्या नावाचे पर्ल त्यास कोठेच मिळाले नाही. ते चिन्ह काढून टाकण्यास एक मिनिट लागले. आठ दिवसांचे काम एका मिनिटाचे होते, हे ऐकून मुलाचा चेहरा उतरला. आम्ही त्याला सांगितले की याच खड्ड्यात आम्हीही पडलो होतो, आणि आम्हांलाही दुसऱ्या कोणीतरीच वर काढले.

ही जी ‘दुसऱ्याने वर काढण्याची’ रीत आहे, ती पर्लच्या जन्मापासूनची आहे. लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनी १९८७ साली पर्ल तयार केली आणि ती सर्वांस मोकळी करून दिली. हे गृहस्थ भाषाशास्त्र शिकलेले. बोलभाषेत एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगता येते, तशी ती संगणकालाही सांगता यावी, अशी त्यांची दृष्टी. त्यापूर्वी, १९८५ साली, त्यांनी ‘पॅच’ नावाचे एक साधन केले होते. संपूर्ण लेखन पुन्हा न पाठविता, बदललेल्या तेवढ्या ओळी पाठवाव्या आणि दुसऱ्याने त्या आपल्या प्रतीत जागच्या जागी बसवाव्या, एवढेच त्याचे काम. पॅच म्हणजे ठिगळ. हे साधन लहान दिसते. पण त्यामुळे दूरदूरची माणसे एकच वस्त्र मिळून शिवू शकली.

याचा मोठा दाखला म्हणजे अपाची हा वेब सर्व्हर. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील एका केंद्रात रॉब मकूल यांनी एक सर्व्हर लिहिला होता. १९९४ साली ते तेथून गेले आणि काम थांबले. ते वापरणारे लोक ठिकठिकाणी आपापली ठिगळे लावीत बसले होते. त्यांतील आठजणांनी १९९५ साली ती एकत्र केली, आणि वर्षभरात तो जगातील सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला. आमच्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवीत, तसाच हा प्रकार. आज एंजिनएक्ससारखे दुसरे सर्व्हरही तितकेच किंवा अधिक चालतात. पण ती गोधडी अजून उबदार आहे. पर्लवाल्यांनीही १९९५ सालीच सीपॅन नावाचे एक सार्वजनिक भांडार उघडले. स्वतः केलेले उपयोगी काम तेथे ठेवावे, लागेल त्याने न्यावे. आज तेथे दोन लाखांहून अधिक मोड्यूल आहेत. पुण्यातही लिनक्स वापरणाऱ्यांचा गट अशाच देवघेवीसाठी जमत आला आहे.

परंतु मदत म्हणजे केवळ उत्तर देणे नव्हे. मुलाचे काम चालू झाले, आणि चार दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी आपण होऊन. पार्सलावर ‘काळेवाडी’ऐवजी ‘काळेवा’ आणि पुढे चौकटीतले एक प्रश्नचिन्ह छापले जात होते. गावाच्या नावासाठी स्क्रिप्टमध्ये वीस जागा ठेवल्या होत्या. ‘‘काका, काळेवाडीत अक्षरे चार. मग वीस जागा कमी कशा पडल्या?’’

प्रश्न चोख होता. आम्ही त्याला पर्लकडूनच ‘काळेवाडी’ची लांबी मोजावयास सांगितले. आधी उत्तर आले चोवीस. एक सूचना घालून मोजले, आठ. तिसऱ्या रीतीने मोजले, चार. तिन्ही उत्तरे बरोबर! संगणक अक्षरे ज्या लहान तुकड्यांत साठवितो त्यांस बाइट म्हणतात. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. ‘काळेवाडी’त क, काना, ळ, मात्रा, व, काना, ड, वेलांटी अशी आठ चिन्हे; आठ त्रिक चोवीस. आणि आपण माणसे का, ळे, वा, डी अशी चार अक्षरे मोजतो. वीस बाइटांवर कात्री चालविली तेव्हा सहा चिन्हे पुरी उरली आणि ‘ड’चे तीनांपैकी दोनच तुकडे राहिले. त्या अर्धवट ‘ड’च्या जागी छापयंत्राने प्रश्नचिन्ह ठेवले. वडिलांनी हे ऐकले आणि ते हसून म्हणाले, ‘‘म्हणजे मायक्रोमीटरचे काम याने फुटपट्टीने केले!’’ याहून चांगली व्याख्या आम्हांला सुचली नसती.

उपाय असा: मजकूर आत येतो तेव्हा बाइटांची चिन्हे करून घ्यावी, आतील सर्व काम चिन्हांवर करावे आणि बाहेर जाताना पुन्हा बाइट करावे. पर्लला ही सोय चांगल्या रीतीने २००२ च्या ५.८ या आवृत्तीपासून आहे. वेब सर्व्हरनेही मजकुराच्या आधी ‘हा मजकूर युनिकोडच्या अमुक साठवणीत आहे’ असे सांगावे. नाहीतर मराठीच्या जागी कसलीशी परदेशी अक्षरे उमटतात. कापावयाचे झाल्यास वाचकाच्या अक्षराच्या सीमेवरच कापावे. त्यातही ‘क्ष’सारख्या जोडाक्षरांचे उत्तर जुने पर्ल आपल्यासारखे देतेच असे नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ साली आली, त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणही ठरले, आणि आपल्या पुण्याच्या सी-डॅकने त्या क्षेत्रात पुष्कळ काम केले. तरी जोडाक्षर कोठे तुटते हे मराठी माणसाने विचारल्याखेरीज कोणास कळणार?

आता विचारणाऱ्याने काय करावे? काय केले, काय होईल असे वाटले होते आणि प्रत्यक्ष काय झाले, या तीन गोष्टी सांगाव्या. यंत्राने दिलेला मजकूर आपल्या शब्दांत न सांगता जसाच्या तसा द्यावा. हजार ओळी पुढे न टाकता, बिघाड दाखविणाऱ्या दहा ओळी वेगळ्या काढाव्या. हे करताना निम्म्या वेळा चूक आपली आपल्यालाच सापडते. परवलीचे शब्द आणि गिऱ्हाइकांची माहिती आधी काढून टाकावी. आणि उत्तर मिळाल्यावर ‘चालले’ म्हणून स्वस्थ बसू नये; का चालले ते लिहून ठेवावे.

जाणत्याने काय करावे, हे सांगण्याचा अधिकार आम्हांला फारसा नाही. कारखान्यात जुने उस्ताद मशीन सेट करताना पाठ फिरवून उभे राहत, अशा गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आणि त्यांस नावे ठेवली. परंतु नोकरीत असताना एका नवख्या मुलाने आम्हांला असाच एक साधा प्रश्न विचारला. आम्ही घाईत होतो. ‘‘पुस्तकात आहे, वाच,’’ एवढे बोलून आम्ही मान वळविली. त्याने आम्हांला पुन्हा कधी काही विचारले नाही, आणि काही महिन्यांनी तो ते काम सोडून गेला. त्याचे कारण आमचे ते वाक्यच होते असे नव्हे; पण ते नव्हते असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. शेजारच्या मुलाचे आठ दिवस ज्या भीतीने खाल्ले, ती भीती आमच्यासारख्यांनीच पेरलेली असते.

२०२२ च्या अखेरीपासून उत्तरे देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. ती रागावत नाहीत, घाईत नसतात, आणि पुष्कळदा बरोबर सांगतात. आम्हीही ती वापरतो. परंतु ही यंत्रे शिकली ती माणसांनी एकमेकांना चारचौघांत दिलेल्या उत्तरांवरही. प्रत्येकाने आपापल्या खोलीत यंत्राला विचारून गप्प राहावयाचे ठरविले, तर त्या भांडारात नवी भर कोण घालणार? ‘काळेवाडी’तला अर्धा ‘ड’ दुसऱ्या कोणाच्या पार्सलावर पुन्हा तुटेल आणि त्यासही वाटेल, हा खड्डा माझ्या एकट्याचा.

त्या मुलाने आता आपली दुरुस्ती एका पानावर मराठीत लिहून काढली आहे आणि ती मागेल त्याला तो देतो. गेल्या आठवड्यात पलीकडच्या इमारतीतील एक मुलगी तिच्या सर्व्हरची अडचण घेऊन आमच्याकडे आली. आम्ही तिला त्याच्या घरी पाठविले. दोघे तासभर जिन्यातच बोलत बसले होते.