विश्लेषण : शेवटचा साक्षीदार गेल्यावर प्रश्न कोणाला विचारायचे? ज्यू संहाराच्या आठवणी जपणारं तंत्रज्ञान नेमकं काय करतं?

पोलंडमधल्या ऑशविट्झ छळछावणीच्या मुक्ततेला २७ जानेवारी २०२५ रोजी ८० वर्षं झाली. त्या दिवशीच्या स्मरण कार्यक्रमाला राजे, राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान असे सगळे आले होते. पण एकाही राजकीय नेत्याला भाषण करायला मिळालं नाही. आठवणी सांगायच्या त्या छावणीतून वाचलेल्यांनीच, असं संग्रहालयानं आधीच जाहीर केलं होतं. ७० व्या वर्षीच्या कार्यक्रमाला असे सुमारे ३०० जण आले होते. या वेळी आले साधारण ५०. आणखी वीस वर्षांनी शंभरावं वर्ष येईल, तेव्हा या खुर्च्या बहुधा रिकाम्याच असतील.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख ज्यूंना ठार केलं. त्यालाच आपण होलोकॉस्ट म्हणतो. यातून वाचलेल्यांच्या भरपाईसाठी वाटाघाटी करणाऱ्या ‘क्लेम्स कॉन्फरन्स’ या संस्थेच्या २०२५ मधल्या अहवालानुसार तेव्हा जगभरात दोन लाखांहून अधिक जण हयात होते. मात्र पुढच्या दहा वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के जण आपल्यात नसतील, असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. शिवाय आज हयात असलेले बहुतेक जण तेव्हा लहान मुलं होते. मोठ्या माणसाच्या नजरेनं ते सगळं पाहिलेले साक्षीदार जवळपास संपलेच आहेत.

मग पुढच्या पिढीनं प्रश्न कोणाला विचारायचे?

पडद्यावरचे आजोबा उत्तर कसं देतात?

पिंकस गटर यांचा जन्म १९३२ चा, पोलंडमधल्या वूच शहरातला. वॉर्सा घेट्टोतून त्यांच्या कुटुंबाला मायदानेक छावणीत नेण्यात आलं. तिथं आईवडील आणि जुळी बहीण सबिना मारली गेली. गटर तेव्हा अकरा वर्षांचे होते. पुढे आणखी काही छावण्या पार करून ते जिवंत बाहेर पडले आणि नंतर टोरांटोत स्थायिक झाले.

२०१४ मध्ये त्यांना एका स्टुडिओत, हिरव्या पडद्यासमोर आणि अनेक कॅमेऱ्यांच्या घेऱ्यात बसवून पाच दिवस प्रश्न विचारण्यात आले. पाचही दिवस तेच कपडे, तीच खुर्ची. जवळपास दोन हजार प्रश्न. छावणीतल्या भुकेपासून देवावरच्या विश्वासापर्यंत. अमेरिकेतल्या यूएससी शोआ फाउंडेशनच्या ‘डायमेन्शन्स इन टेस्टिमनी’ या प्रकल्पाची ही सुरुवात होती. शिकागोजवळच्या स्कोकी इथल्या संग्रहालयात २०१७ पासून शाळकरी मुलं अशा मुलाखतींना समोरासमोर प्रश्न विचारू लागली.

बातम्यांत याला सर्रास ‘होलोग्राम’ म्हणतात. खरं तर बऱ्याच ठिकाणी तो माणसाच्या उंचीचा सपाट पडदाच असतो. कोणी विचारत नसेल तेव्हा पडद्यावरचा माणूस शांत बसून ऐकत असल्यासारखा दिसतो. मूल माइकवर प्रश्न विचारतं, यंत्रणा त्या आवाजाचा मजकूर करते आणि साठवलेल्या शेकडो उत्तरांपैकी कोणतं जास्तीत जास्त जुळतं ते शोधून तीच क्लिप चालवते. ‘तुमची बहीण कशी होती?’ आणि ‘तुम्हाला भावंडं होती का?’ हे प्रश्न वेगळे असले तरी उत्तराची क्लिप कदाचित एकच निघेल. कॉलेजात चॅटबॉटचा प्रोजेक्ट केलेल्या कोणालाही हे फार जुनं वाटेल. चॅटजीपीटीच्या जमान्यात तर अगदीच साधं.

पण खरी गोम याच साधेपणात आहे. यंत्रणेला एकही वाक्य स्वतः रचायची मुभा नाही. जुळणारं उत्तर नसेल तर त्या माणसानं स्वतःच रेकॉर्ड करून ठेवलेलं ‘याचं उत्तर मी देऊ शकत नाही’ अशा अर्थाचं वाक्य ऐकू येतं. २०५० मधल्या एखाद्या मुलीला सुचलेला प्रश्न २०१४ मध्ये कोणी विचारलाच नसेल, तर तिला उत्तर मिळणार नाही. ही मर्यादा आहेच, आणि माझ्या मते ती तशीच राहायला हवी.

यंत्रानं थोडी भर घातली तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. युनेस्कोनं २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता आणि होलोकॉस्ट या विषयावर अहवाल काढला. ज्यूंना सामूहिकरीत्या बुडवून मारल्याची, कधीच न घडलेली मोहीम चॅटजीपीटीनं रचून सांगितल्याचं उदाहरण त्यात आहे. २०२५ मध्ये ऑशविट्झ संग्रहालयानं आणखी एका प्रकाराला जाहीर हरकत घेतली. फेसबुकवरची काही पानं यंत्रानं बनवलेले चेहरे आणि रचलेल्या कहाण्या ‘ऑशविट्झचे बळी’ म्हणून फिरवत होती. डोळ्यांत पाणी आणणारा फोटो, खाली करुण चार ओळी आणि शेअरचा पाऊस. त्या नावाचं मूल कधी जन्मालाच आलेलं नसतं.

संहार झालाच नाही असं म्हणणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. एक फोटो खोटा निघाला की ते खऱ्या हजार फोटोंकडे बोट दाखवायला मोकळे. म्हणूनच गटर यांची प्रत्येक क्लिप त्यांच्याच तोंडची असणं ही निव्वळ तांत्रिक बाब राहत नाही.

एवढ्या साक्षी आल्या कुठून?

दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग ‘शिंडलर्स लिस्ट’चं चित्रीकरण करत असताना संहारातून वाचलेले लोक सेटवर येऊन आपली हकिकत सांगायला लागले. चित्रपट १९९३ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी फाउंडेशन सुरू झालं. १९९९ पर्यंत ५६ देशांत, ३२ भाषांत सुमारे ५२ हजार मुलाखती चित्रित झाल्या. पुढे रवांडा, नानजिंग अशा इतर हत्याकांडांच्या साक्षीही संग्रहात आल्या. मुलाखत साधारण दोन तासांची. आधी युद्धापूर्वीचं घर, मग छळ, मग नंतरचं आयुष्य. शेवटी घरची मंडळी कॅमेऱ्यासमोर येतात आणि जुने फोटो दाखवले जातात. या मुलाखतींना जवळजवळ मिनिटागणिक विषयांच्या खुणा लावल्या आहेत. त्यामुळे ‘शाळा’, ‘लपण्याची जागा’ असं शोधलं की थेट तेवढाच भाग समोर येतो.

अर्थात, बोलू शकले ते वाचलेलेच. मारल्या गेलेल्यांसाठी जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकानं साक्षपत्रकं भरून घेतली. मृताचं नाव, आईवडिलांची नावं, गाव, व्यवसाय. भरून देणारा कोणी नातेवाईक किंवा शेजारी. या पत्रकांतून आणि इतर दफ्तरांतून आतापर्यंत सुमारे ५० लाख नावं गोळा झाली आहेत.

वर्गात काय शिकवायचं?

क्लेम्स कॉन्फरन्सच्याच २०२० मधल्या पाहणीत अमेरिकेतल्या ६३ टक्के तरुणांना बळींचा ६० लाख हा आकडा माहीत नव्हता. पण नुसता आकडा पाठ करून घेतल्यानं काय होणार? वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय शिक्षकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतं: मुलांना कैदी आणि पहारेकरी करून नाटुकली बसवू नका. त्यातून यातना कळत नाहीत, कळल्याचा भ्रम होतो.

त्यापेक्षा एक साक्ष नीट ऐकवलेली बरी. गटर यांना सबिनाचा चेहरा आठवत नाही, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. आठवते ती फक्त तिची लांब सोनेरी वेणी. जुळ्या बहिणीचा चेहराच पुसला गेला, हे ऐकल्यावर वर्गाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

इस्रायलमध्ये तर यासाठी शाळेचीही गरज उरलेली नाही. दरवर्षी संहार स्मृतिदिनाच्या सुमारास तिथं ‘झिकारोन बासालोन’ होतं, म्हणजे दिवाणखान्यातली आठवण. सरकारी कार्यक्रम परके वाटणाऱ्या तरुणांनी ते सुरू केलं. कोणाच्या तरी घरी वीस-तीस माणसं दाटीवाटीनं बसतात, साक्षीदाराचं ऐकतात आणि मग आपापसांत बोलतात. साक्षीदार येऊ शकत नसेल तर मुलगा किंवा नात ती हकिकत सांगते.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा धागा बारीक आहे, पण आहे. कोकणातले बेने इस्रायली या संहारापासून दूर राहिले. मात्र युरोपातून निसटलेले काही ज्यू १९३० च्या दशकात मुंबईत आले. त्यांतले वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये आले आणि पुढे मुंबई रेडिओ केंद्रावर संगीत विभागात रुजू झाले. आकाशवाणीच्या पहाटेच्या धूनचं श्रेय त्यांनाच दिलं जातं.

मोबाइलवर कुठे पाहता येईल?

शोआ फाउंडेशनच्या अनेक पूर्ण मुलाखती यूट्यूबवर मोफत आहेत. शिक्षकांसाठी त्यांचं ‘आयविटनेस’ हे संकेतस्थळ आहे. वॉशिंग्टनच्या संग्रहालयाच्या ऑनलाइन ज्ञानकोशात हिंदीतही लेख मिळतात. मुलाखत लावलीत तर सुरुवातीचा भाग पुढे ढकलू नका. गल्ली, दुकान, सणाचा स्वयंपाक, मास्तरांचा मार हे सगळं तिथं असतं, आणि छावणी त्याच्या बऱ्याच नंतर येते.