दोन हजारांचा हप्ता कोणाला मिळतो?

"हप्ता आला का?" हे वाक्य आपण पारावर, गिरणीत, बँकेच्या रांगेत नेहमी ऐकतो. पण तो एकाला मिळतो नि शेजाऱ्याला का मिळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून हा लेख.

योजनेचे नाव प्रधानमंत्री किसान सन्मान निधी. केंद्र सरकारने ती २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू केली. वर्षाला ६,००० रुपये. दर चार महिन्यांनी २,००० चा एक हप्ता. पुढे २०२३ साली महाराष्ट्र सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधी योजना आणून वर्षाला आणखी ६,००० रुपये जोडले. दोन्ही मिळून १२,०००. भागाकार करून पाहा : महिन्याला १,००० रुपये.

हे पैसे एकरावर ठरत नाहीत. एक एकरवाल्याला जेवढे, तेवढेच दहा एकरवाल्याला. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असणाऱ्यांनाच ते मिळायचे. २०१९ मध्येच ती अट काढली. मात्र प्राप्तिकर भरणाऱ्यांना ते मिळत नाहीत. नवरा, बायको व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरतात, आणि एका कुटुंबाला एकच लाभ.

सगळ्यात महत्त्वाचा कागद सातबारा. उताऱ्यावर ज्याचे नाव, त्याला पैसे. म्हणून दुसऱ्याचे रान वाट्याने करणाऱ्याला आणि रोजाने जाणाऱ्या मजुराला हा हप्ता नाही. घाम तेही गाळतात, पण उताऱ्यावर त्यांचे नाव नाही.

आमच्या घरचेच सांगते. आजोबा होते तोवर हप्ता त्यांच्या खात्यावर यायचा. ते वारले नि हप्ता थांबला. बाबा म्हणाले, "शेत तर आपणच कसतो की!" पण उतारा आजोबांच्याच नावावर होता. दुःखात वारस लावायचे राहून गेले होते. त्या वर्षी खताला उसने पैसे घ्यावे लागले.

मग बाबा नि काका मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्यांकडे गेले. वारसांत आजीचे नि आत्याचेही नाव दिले. फेरफार लिहिला गेला. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघाली. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली, तेव्हा उताऱ्यावर नावे चढली. त्यानंतर बाबांनी आपल्या नावाने नवा अर्ज केला. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेली जमीन या योजनेत चालत नाही, पण वारसाने आलेली चालते. एक लक्षात ठेवा : माणूस गेल्यावर त्याच्या खात्यावर आलेला हप्ता उचलू नये, तो परत करावा लागतो.

पालकांनो, हप्ता अडला असेल तर या चार गोष्टी पाहा :
१) सातबाऱ्यावर नाव आहे का?
२) बँक खाते आधारला जोडले आहे का?
३) ई-केवायसी झाली आहे का? कष्टाने बोटे झिजून अंगठा उमटत नसेल, तर २०२३ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही ती करता येते.
४) शेतकरी ओळख क्रमांक काढला आहे का?

आणि मुलांनो, आज घरी गेल्यावर सातबारा मागून मोठ्याने वाचा. आजी-आजोबांना लिहिता-वाचता येत नसेल, तर आपल्याला येते ना!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी