पोटरीवरची काळी रेघ

टाचेपासून मांडीपर्यंत सरळ चढत गेलेली काळी शिवण. स्टॉकिंग्जची सगळी नजाकत या एका रेघेत आहे, असं मानणारे आजही कमी नाहीत. मुळात मात्र ती यंत्राची अडचण होती.

१५८९च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं मोजे विणायचं यंत्र तयार केलं. हातानं विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून एलिझाबेथ राणीनं त्याला पेटंट दिलं नाही, असं सांगतात. ली पुढे फ्रान्सला गेला. रेशमी मोज्यांचा तोरा तेव्हा पुरुषच मिरवत. बायकांचे पाय झग्यांच्या घोळात लपलेले.

लीचं यंत्र सपाट तुकडा विणायचं. १८६४मध्ये विल्यम कॉटननं पेटंट घेतलेलं सुधारित यंत्रही तसंच. पोटरीकडून घोट्याकडे येताना टाके घटवायचे, की तुकड्याला पायाचा घाट येतो; मग तो दुमडून मागून शिवायचा. टाके घटवल्याचे बारीक ठिपके शिवणीच्या दोन्ही अंगांना दिसतात, आणि वरच्या दुहेरी पट्टीत शिवण संपते तिथे एक छोटं भोक राहतं. गोल विणणारी, बिनशिवणीची यंत्रंही होती. पण त्या मोज्यांना आकार नसायचा, घोट्याशी चुण्या पडायच्या. म्हणून १९२०च्या दशकात स्कर्ट वर सरकले आणि पाय दिसू लागले, तेव्हा भाव शिवणवाल्यांनाच आला.

अमेरिकेत या मोज्यांसाठी लागणारं रेशीम मुख्यतः जपानचं. त्याला तोड काढली ड्यूपाँट कंपनीनं. तिथल्या वॉलेस कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत १९३५मध्ये नायलॉन तयार झालं. कॅरोदर्सनं १९३७मध्ये आत्महत्या केली. १५ मे १९४० रोजी अमेरिकाभर दुकानांत नायलॉनच्या मोज्यांवर उडालेली झुंबड त्यानं पाहिलीच नाही.

ही चैन दोन वर्षंही टिकली नाही. युद्ध आलं, नायलॉन पॅराशूट आणि दोरांकडे वळलं. बायकांनी काय करावं? पायांना रंग फासला. ब्रिटनमध्ये तर रश्शाला रंग आणायची पूड चोळली. एवढ्यावर भागेना, म्हणून भुवयांच्या पेन्सिलीनं मागे रेघ ओढली. ज्या शिवणीची काही गरज उरली नव्हती, ती मोजा नसताना मुद्दाम काढली गेली! मला या सगळ्या इतिहासात ही रेघच सर्वात बोलकी वाटते. तिच्यात फॅशनपेक्षा हट्ट जास्त आहे.

युद्धानंतर तर कहर झाला. जून १९४६मध्ये पिट्सबर्गला तेरा हजार जोड्यांसाठी सुमारे चाळीस हजार माणसं रांगेत उभी राहिली, हाणामाऱ्या झाल्या.

पुढे उष्णतेनं नायलॉनला कायमचा आकार देता येऊ लागला आणि शिवणीचं काम संपलं. १९५९मध्ये ग्लेन रेव्हन मिल्सनं चड्डीला जोडलेले मोजे, म्हणजे पँटीहोज आणले. मिनी स्कर्टनं सुट्या मोज्यांचा बाजार बसवला.

तरी रेघ गेली नाही. आज गोल विणलेल्या मोज्यांवर ती शोभेपुरती घातली जाते. इंग्लंड-फ्रान्समध्ये सपाट तुकडा विणणारी जुनी ‘रीडिंग’ यंत्रं अजून थोडीफार चालतात. त्यांचे मोजे महाग पडतात, आणि दर्दी गिऱ्हाईक किंमत विचारण्याआधी वरच्या पट्टीतलं ते भोक शोधतं.