पिंगळा आणि रानपिंगळा



तिसरी-चौथीतल्या मुलाला ‘अधिवास म्हणजे काय?’ असे विचारावे, तर परिसर अभ्यासाच्या पुस्तकातले उत्तर ते धडाधड म्हणून दाखवील. मासा पाण्यात राहतो, वाघ जंगलात राहतो. उत्तर चूक नाही. पण एवढे तर ते शाळेत येण्यापूर्वीच जाणत होते. खरा प्रश्न पुढचा आहे. तो तेथेच का राहतो, आणि ते ठिकाण बिघडले तर दुसरीकडे का जाऊ शकत नाही? हे शिकविण्यासाठी खानदेशातल्या गुरुजींना आफ्रिकेतल्या सिंहाचे चित्र नको. आपल्या घरचेच उदाहरण आहे.

पिंगळा कोणाला ठाऊक नाही? डोक्यावर पांढरे ठिपके असलेला, तिन्हीसांजेला गावच्या वडावरून किंवा पडक्या भिंतीच्या भोकातून कलकलाट करणारा हा लहानसा घुबड. रानपिंगळा हा त्याचाच चुलतभाऊ. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, आणि तो भर दिवसा सरडे, उंदीर, नाकतोडे टिपतो. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र त्याची खात्रीची नोंद नाही. १९१४ ची म्हणून एक नोंद पुढे आली होती, तीही खोटी ठरली. चोरलेल्या जुन्या नमुन्यावर नवी चिठ्ठी चिकटविलेली होती! अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते.

ही गोष्ट सांगून झाली की मुलांना विचारावे : एक भाऊ गावोगाव नांदतो, दुसरा हरवतो, असे का? उत्तर लगेच सांगू नये. कोणी म्हणेल, शिकाऱ्यांनी मारला असेल; कोणी म्हणेल, त्याला खायला मिळाले नसेल. बोलू द्यावे. मग हळूहळू गोष्ट ढोलीपाशी आणावी. पिंगळ्याला भिंतीचे भोकही चालते. रानपिंगळ्याला सागाचे विरळ, कोरडे रान लागते आणि त्यात ढोली असलेली जुनी झाडे लागतात. ढोली काही रोपट्याला नसते. झाड जाड व्हावे, त्याची फांदी मोडावी, खोड आतून कुजावे, तेव्हा कोठे ती होते. म्हणूनच ‘एक झाड तोडले तर दोन लावू’ हा आपला आवडता हिशेब येथे चुकतो. वृक्षारोपणाच्या दिवशी लावलेले रोप पक्ष्याच्या कित्येक पिढ्यांना घर देऊ शकत नाही.

झाडे तोडतो कोण, हा प्रश्न आला की वर्गातल्या पावरा किंवा भिल्ल मुलाकडे बोट दाखविले जाते. ते अन्यायाचे आहे. सरपणासाठी आणि शेतीसाठी रान तुटते हे खरे. पण जळगाव-धुळ्याच्या घरांतली सागवानी दारे कोठून आली, हेही विचारावे. उलट रानातली ढोली कशी ओळखावी, हे त्या पाड्यावरच्या मुलानेच वर्गाला सांगावे. त्या दिवशी गुरुजींनी बाकावर बसावे.

माणसाचा हात लागला की सारे नष्टच होते, असेही मात्र शिकवू नये. ते खोटे आहे, आणि मुले त्याने उगाच धास्तावतात. भुसावळजवळ तापीवर हतनूर धरण झाले. वाहती नदी तेथे थांबली, उथळ पाणी पसरले, गाळ साचला. आज हिवाळ्यात तेथे दूरदेशीची बदके उतरतात. वाहत्या पाण्यातल्या माशांचे काय झाले, हा त्या सहलीतला दुसरा प्रश्न. दोन्ही उत्तरे एकाच वहीत लिहवून घ्यावीत.

आणि सहलीला पैसे नसतील, तर शाळेजवळचे एक जुने झाड पुरे. जून ते एप्रिल, दर शनिवारी तेथे कोण आले, कोण गेले, कोणती फांदी कोणी तोडली, एवढेच मुलांनी लिहावे. पिंगळा बहुधा पहिल्या महिन्यातच सापडेल.