पोटगी, अपत्याची
विवाहविच्छेदानंतर अपत्याचे अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण व औषधोपचार यांसाठी आईने वा वडिलांनी द्यावयाची रक्कम. हा हक्क अपत्याचा स्वतःचा असल्याने घटस्फोटाच्या तडजोडीत आईने तो सोडून दिला, तरी अपत्यावर ते बंधनकारक ठरत नाही.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ नुसार न्यायालय अपत्याचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयी आदेश देते. सर्व धर्मीयांना खुला असलेला मार्ग म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ चे कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. मुस्लिम घटस्फोटितेच्या अज्ञान अपत्यांनाही हा मार्ग खुला असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. जुन्या संहितेतील दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये रद्द झाली.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील एक प्रकरण घटस्फोटाचे नसले, तरी येथे उद्‌बोधक आहे. पहिला विवाह लपवून दुसरा विवाह केलेल्या पतीने, हा विवाह अवैध असल्याने पोटगी देय नाही, असा बचाव केला. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१३ मध्ये फेटाळला. पत्नीस दरमहा १,००० व मुलीस ५०० रुपये मंजूर झाले होते. मुलीचा हक्क विवाहाच्या वैधतेवर अवलंबून नव्हताच. कायदा औरस व अनौरस असा भेद करीत नाही.

तान्ह्या मुलासाठी ठरलेली रक्कम ते शाळेत जाऊ लागल्यावर अपुरी पडते. आदेशातच वाढीची तरतूद नसल्यास ती आपोआप वाढत नाही. परिस्थिती बदलल्याचे दाखवून कलम १४६ (पूर्वीचे १२७) खाली अर्ज करावा लागतो. वडिलांचे उत्पन्न घटल्यास त्यांनाही हाच मार्ग आहे. खरी अडचण पुराव्याची असते. पगारदाराची मिळकत कागदावर दिसते. ऊस, दूध वा ऊसतोडीची उचल यांवर चालणाऱ्या घराची दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वे यांचे शपथपत्र सक्तीचे केले आणि शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना दिला. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही ठरविले.

दिलेल्या पोटगीबद्दल देणाऱ्यास आयकरात वजावट मिळत नाही. अज्ञान अपत्याचे स्वतःचे उत्पन्न असल्यास, विवाह संपुष्टात आल्यावर ते सांभाळ करणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात मिळविण्याची तरतूद १९९२ च्या दुरुस्तीने आली. मूल आईजवळ असल्यास हा भार आईवरच पडतो.

थकलेल्या पोटगीच्या वसुलीसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करणे आवश्यक असते. पुरेशा कारणाविना पोटगी न देणाऱ्यास थकलेल्या प्रत्येक महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.